शेऱ्याचा रकाना

परीक्षेला न बसलेला मुलगा आणि परीक्षेत शून्य मिळालेला मुलगा हे दोन वेगळे मुलगे आहेत, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. पहिला तापाने घरी झोपलेला असतो, किंवा अब्बांबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो. दुसरा वर्गात तीन तास बसून कोरा पेपर देऊन गेलेला असतो. एकाच्या घरी जाऊन चौकशी करायची असते, दुसऱ्याला पुन्हा शिकवायचं असतं. पण गुण भरण्याचं जे सॉफ्टवेअर मी काही वर्षं वापरलं, त्याला हा फरक कळत नव्हता. गुणांच्या रकान्यात फक्त आकडा चालायचा. 'गैरहजर' लिहिलं की लाल खूण, रिकामं सोडलं तरी लाल खूण. शून्य टाकलं की सगळं ठीक. मग काय होणार? सगळे शिक्षक शून्य टाकायचे, आणि वर्षाच्या शेवटी तापाने झोपलेला मुलगा नापासांच्या यादीत दिसायचा.

आज मला या लाल खुणेबद्दल लिहायचं आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण ज्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, रेशनकार्ड आहे, पासपोर्ट काढायचा आहे, त्या सगळ्यांचा तो आहे.

संगणकाच्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांचा जो तक्ता दिसतो, त्याला प्रोग्रामर मंडळी डेटा ग्रिड म्हणतात. आडवी ओळ म्हणजे एक विद्यार्थी, उभा रकाना म्हणजे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, गुण असं काहीतरी. माणूस एका घरात काही टाइप करतो आणि पुढच्या घरात जायला निघतो, त्या क्षणी प्रोग्राम थांबून बघतो की जे लिहिलं ते चालण्यासारखं आहे का. याला म्हणतात व्हॅलिडेशन. आपण पडताळणी म्हणू. विंडोजवर चालणारी कितीतरी ऑफिसची सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या डेटाग्रिडव्ह्यू नावाच्या तयार तक्त्यावर बांधलेली आहेत. हा तक्ता २००५ साली डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आला. त्यात घर सोडताना 'सेलव्हॅलिडेटिंग' नावाची एक घटना घडते, आणि प्रोग्रामरने तिथे 'कॅन्सल' म्हटलं की कर्सर त्या घरातून हलत नाही. माझा एक भाचा हेच काम करतो. त्याच्या शेजारी बसून मी हे सगळं समजून घेतलं, कारण मुलांची नावं आणि जन्मतारखा या तक्त्यांत भरण्याचं काम दरवर्षी आम्हा शिक्षकांच्याच माथी येतं.

सुरुवातीलाच सांगतो, मी पडताळणीच्या विरोधात नाही. जून महिन्यात दोनशे नवी नावं भरताना संध्याकाळी पाचच्या सुमारास डोळे आणि बोटं दोन्ही थकतात. २०१४ च्या जागी २०४१ टाइप होतं. शंभरपैकी १०५ गुण पडतात. अशा वेळी यंत्राने हात धरला तर उपकारच. आधार क्रमांकाचंच उदाहरण घ्या. तो १२ आकडी असतो, पण त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. ही पद्धत व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हिशोब जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. थकलेल्या बोटांच्या नेहमीच्या चुका याच दोन. माणसाची चूक कुठे आणि कशी होते याचा विचार करून बनवलेली ही पडताळणी आहे, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण सगळ्या रकान्यांना आधारचा न्याय लावता येत नाही. माझ्या मते तक्त्यात लाल खूण मिळवणाऱ्या नोंदींचे तीन प्रकार असतात, आणि बहुतेक सॉफ्टवेअर तिघांना एकाच काठीने हाकतात.

पहिला प्रकार अशक्य नोंदींचा. ३१ जून ही तारीख कॅलेंडरात नाही. शंभराच्या पेपरात १०५ गुण मिळू शकत नाहीत. शाळेत प्रवेश घेतल्याची तारीख जन्माच्या आधीची असू शकत नाही. महाराष्ट्रातल्या गावाचा पिनकोड ७ ने सुरू होत नाही. इथे यंत्राने ठाम 'नाही' म्हणावं. कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरा प्रकार क्वचित घडणाऱ्या, पण खऱ्या नोंदींचा. दोन ओळींत वडिलांचं नाव एक, आडनाव एक, जन्मतारीखही एक. यंत्र म्हणतं, ही नोंद दुबार आहे. शिक्षक म्हणतो, अहो, जुळी आहेत ती. मोबाइल क्रमांकाचंही तसंच. सॉफ्टवेअर सांगतं की हा क्रमांक आधीच वापरला आहे. वापरलाच आहे, कारण घरात फोन एक आणि शाळेत जाणारी भावंडं तीन. आमच्या वस्तीत हे घरोघरी दिसतं. मग शिक्षक काय करतो? दुसऱ्या भावासाठी मामूंचा नंबर टाकतो, तिसऱ्यासाठी शेजाऱ्यांचा. पुढे मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही म्हणून फोन लावला तर उचलणाऱ्याला त्या मुलाचं नावही माहीत नसतं. तक्ता मात्र हिरवागार.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त बोचतो. नोंद शक्य असते, नेहमीची असते, फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती कधी पाहिलेली नसते. तिला मी अनोळखी म्हणेन. आणि अनोळखी नोंदींत आपल्या नावांचा नंबर पहिला लागतो.

मराठी मुसलमानांची नावं किती तऱ्हेची आहेत, हे आपल्याला माहीत आहे. मुल्ला, मुजावर, तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, शिकलगार, नदाफ, ही व्यवसायावरून आलेली आडनावं. देसाई, पाटील, चौगुले ही गावच्या वतनाशी आणि मातीशी जोडलेली. कोकणात परकार आणि मुकादम भेटतात. काही घरांत शेख, सय्यद, खान, पठाण हे शब्द आडनाव म्हणून शेवटी येतात, तर काही घरांत शेख आणि सय्यद नावाच्या आधी येतात. काही मुलींच्या कागदावर आडनावच नसतं, नावापुढे बेगम, बी किंवा बानो एवढंच. काहींचं 'अब्दुल रहमान' हे एकच नाव असतं, त्यातला 'रहमान' म्हणजे बाप नव्हे. आता या सगळ्यांना तीन रकान्यांत बसवा: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही अनिवार्य. रकान्यात मोकळी जागा चालणार नाही, टिंब चालणार नाही. 'अब्दुल रहमान'चे दोन तुकडे होतात आणि 'रहमान' मधल्या नावात जाऊन बसतो. म्हणजे मुलाचा बाप बदलला. 'मोहम्मद'च्या जागी 'मो.' लिहिण्याची जुनी रीत आहे, तिथे टिंबावर लाल खूण.

तिहेरी नावाची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात ती बऱ्याच जणांना लागू पडते, आपल्यातल्याही पुष्कळांना. पण दक्षिणेत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावण्याची पद्धत आहे, आणि एकाच नावाने ओळखली जाणारी माणसं सगळ्या धर्मांत आहेत. हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. आपण फक्त त्याच्या वाटेत जरा जास्त वेळा उभे असतो.

नाव मराठीत भरायचं असेल तर आणखी एक गंमत होते. भाच्याने मला ती करून दाखवली. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं असावीत, आकडे किंवा चिन्हं नसावीत, अशी पडताळणी प्रोग्रामर लावतात. हेतू सरळ आहे. पण संगणकाच्या युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त यांची गणना 'अक्षर' या वर्गात होत नाही. त्यांचा वर्ग वेगळा, 'खुणां'चा. त्यामुळे फक्त अक्षर हवं असं सांगितलं की 'अहमद' आणि 'अनवर' पास होतात आणि 'सलमा' कान्यापाशी अडते. 'रजब' चालतो, 'आयेशा' चालत नाही. 'कमल' चालते, 'विमला' चालत नाही. ज्या भाषेत काना-मात्राशिवाय एक वाक्य पुरं होत नाही, त्या भाषेत काना हे चिन्ह ठरवून नाव नाकारायचं! खुणांचा वर्गही मान्य करा, एवढा अर्ध्या ओळीचा बदल केला की प्रश्न सुटतो. पण त्यासाठी कुणीतरी एकदा 'सलमा' टाइप करून बघायला हवं होतं.

लांबीचंही असंच. 'मुश्ताक' हे आपल्या डोळ्याला तीन अक्षरी नाव आहे: मु, श्ता, क. संगणक त्यात सात खुणा मोजतो. इंग्रजी नावांचा अंदाज बांधून ठेवलेली मर्यादा मराठीत लवकर संपते आणि नावाची शेपटी कापली जाते.

आता प्रश्न असा की, यंत्राने खरी नोंद नाकारली तर पुढे काय होतं? काम थांबतं का? नाही. काम थांबवण्याची मुभा ना शिक्षकाला असते, ना कारकुनाला. वरून फोन येतो, 'किती टक्के झालं?' मग माणूस यंत्राला जे हवं ते देतो. आडनाव नाही तर टिंब, टिंब चालत नाही तर वडिलांचं नाव दोनदा, तेही नको तर इंग्रजीत 'एनए'. एकदा टाइप झालेलं 'एनए' पुढच्या तक्त्यात, तिथून ओळखपत्रावर, तिथून प्रमाणपत्रावर जातं. पोरीचं आडनाव 'एनए' झालेलं मी छापील कागदावर पाहिलं आहे. ही केवळ आपल्याकडची तऱ्हा नाही. अमेरिकेच्या व्हिसावर एकच नाव असलेल्या माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी तीन अक्षरं येतात, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. रिकामं घर रिकामं ठेवण्याची सोय नसली की त्यात काहीतरी कोंबलं जातं, आणि ते कोंबलेलं माणसाचं नाव होऊन बसतं.

याची किंमत सॉफ्टवेअर बनवणारा देत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं झालं की प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि खेटे सुरू होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना अडवण्याचा नियम केला, तेव्हा आखातात नातेवाईक असलेल्या आपल्या कितीतरी घरांत धावपळ उडाली. वडिलांचं नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, असा खुलासा नंतर आला. एका रकान्याची रिकामी जागा किती लांबवर जाऊन अडवते, त्याचा हा नमुना.

म्हणून माझं म्हणणं असं की कडक पडताळणीने खोटी माहिती थांबते हा समज अर्धाच खरा आहे. अशक्य नोंदी थांबतात. पण खऱ्या, अनोळखी नोंदींच्या बाबतीत तीच पडताळणी खोटी माहिती तयार करते. आणि ही खोटी माहिती पुढे कधीच सापडत नाही, कारण ती सगळ्या नियमांत बसते.

नियमात बसणं आणि खरं असणं यात किती अंतर आहे, ते आपल्या शाळांच्या रजिस्टरांइतकं कुणी सांगू शकत नाही. आपल्या आधीच्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या मोजा. घरात जन्माची नोंद नसायची, मूल शाळेत आणून बसवलं जायचं, आणि गुरुजी वयाच्या अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकायचे. जगातला कोणताही तक्ता १ जूनला लाल खूण करणार नाही. तारीख कॅलेंडरात आहे, वय नियमात बसतं. आम्हा उर्दूवाल्यांना हे लिपीतूनच कळतं. तोच आकार, नुक्ता वर दिला तर 'खुदा', खाली दिला तर 'जुदा'. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, कोणताही शुद्धलेखन तपासनीस दोन्हींना पास करेल. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं, ते त्यालाच विचारावं लागतं.

विचारण्याऐवजी यंत्र काही वेळा परस्पर दुरुस्ती करतं. तेही धोक्याचं. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर, म्हणजे महिना आधी अशी लावलेली असेल, तर १३/०७ टाइप केल्यावर ते अडतं, कारण तेरावा महिना नाही. पण ०३/०७ ते निमूट घेतं आणि ३ जुलैचं ७ मार्च करून ठेवतं. अडलेली तारीख आपण दुरुस्त करतो. न अडलेली कुणाला दिसत नाही. शास्त्रज्ञांचीही यातून सुटका झालेली नाही. काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की त्यांच्या तारखा व्हायच्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हार मानून नावंच बदलली, 'मार्च१'चं 'मार्चएफ१' केलं. एक्सेलने ही आपोआप होणारी अदलाबदल बंद करण्याची सोय दिली ती २०२३ मध्ये. तक्ता बदलण्यापेक्षा जनुकाचं नाव बदलणं सोपं पडलं. मग आपल्या शेख-सय्यदांची काय कथा?

चूक दाखवायची कशी, हा भाग तर शिक्षकाला न विचारता सोडवूच नये. बी.एड. करताना आम्हाला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकवलं होतं. वार्षिक परीक्षा सांगते की मूल पास की नापास. नैदानिक चाचणी सांगते की मूल हातचा घ्यायला विसरतं. दुसरीचाच उपयोग होतो. उर्दूत यालाच जवळचा शब्द आहे इस्लाह. शागिर्द आपली रचना घेऊन येतो, उस्ताद एखादा शब्द खोडून शेजारी दुसरा सुचवतो, का ते सांगतो आणि कागद परत देतो. कागद फाडत नाही, शागिर्दाला दारात उभं करून ठेवत नाही.

तक्त्यातल्या सूचना बघा. 'इनव्हॅलिड इनपुट.' कुठलं? का? काय लिहू? काही उत्तर नाही. त्याहून नमुनेदार एक चौकट आहे. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये आकड्यांच्या रकान्यात अक्षर टाइप झालं आणि प्रोग्रामरने त्याची काही व्यवस्था केली नसेल, तर इंग्रजीत एक लांबलचक मजकूर उघडतो आणि त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं की, ही चौकट बदलायची असेल तर डेटाएरर ही घटना हाताळा. हा निरोप प्रोग्रामरसाठी आहे, आणि तो पोचतो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना. त्या बिचाऱ्या घाबरून संगणक बंद करतात.

यापेक्षा चांगलं करता येतं आणि त्याची साधनं त्याच तक्त्यात आहेत. कर्सर कोंडून ठेवण्याऐवजी त्या घरावर किंवा ओळीच्या सुरुवातीला लाल गोलातलं उद्गारचिन्ह लावता येतं. त्यावर माऊस नेला की सूचना दिसते. माणूस पुढचं काम करतो आणि नंतर खुणा बघत मागे येतो. वह्या तपासतानाही आपण असंच करतो. ज्या दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध आहे, उदाहरणार्थ जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख, त्यांची तपासणी घर सोडताना न करता पूर्ण ओळ सोडताना करावी, त्यासाठीही वेगळी घटना आहे. सूचना मराठीत असावी, शाळा उर्दू असेल तर उर्दूत, आणि तिने तीन गोष्टी सांगाव्यात: काय लिहिलं गेलं, ते का चालत नाही, काय लिहिलं तर चालेल. 'जन्मतारीख २०४१ ची आहे, हे वर्ष अजून यायचं आहे, एकदा तपासा.' बस, एवढंच.

एक्सेलमध्ये तर माझे तीन प्रकार जवळजवळ तयार आहेत. तिथे पडताळणी लावताना तीन पातळ्या निवडता येतात. 'स्टॉप' म्हणजे अडव. 'वॉर्निंग' म्हणजे विचार, आणि माणूस हो म्हणाला तर जाऊ दे. 'इन्फर्मेशन' म्हणजे नुसतं सांग. अशक्य नोंदीला पहिली, क्वचित नोंदीला दुसरी, अनोळखी नोंदीला फार तर तिसरी. पण मुळात निवडून येते ती 'स्टॉप', आणि बहुतेक जण ती तशीच ठेवतात. गंमत म्हणजे दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या मजकुराला ही तपासणी लागूच होत नाही. हाताने टाइप करणारी सलमा अडते आणि चिकटवलेला कचरा आत जातो. म्हणून खरी तपासणी दारावर एकदा आणि माहिती साठवताना पुन्हा एकदा व्हायला हवी.

यावर अधिकारी आणि प्रोग्रामर दोघांचाही एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, 'सर, माणसाला हो म्हणण्याची सोय दिली की प्रत्येक जण न वाचता हो दाबतो. मग पडताळणी ठेवलीच कशाला?'

याचं उत्तर जुन्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. ते जाड, कापडी बांधणीचं रजिस्टर ज्यांनी हाताळलं असेल, त्यांना आठवेल की शेवटचा एक रकाना 'शेरा' या नावाचा असायचा. जे कोणत्याच रकान्यात बसत नाही, ते तिथे. 'जुळा भाऊ.' 'आडनाव नाही, पालकांचा जबाब घेतला.' 'जन्मतारीख अंदाजे.' आणि चूक झालीच तर खाडाखोड चालत नसे. एका रेघेने आधीचं खोडायचं, वाचता येईल असं ठेवायचं, वर नवं लिहायचं आणि मुख्याध्यापकांनी बाजूला सही करायची. म्हणजे कागदाचं ते रजिस्टर नियम मोडायची परवानगी देत होतं, पण कारण आणि सही घेतल्याशिवाय नाही. न वाचता हो म्हणण्याला तिथे जागा नव्हती, आणि खऱ्या माणसाला बाहेर ठेवण्याचीही गरज नव्हती.

संगणकावर आलो तेव्हा नाव, तारीख, गुण हे सगळे रकाने आले आणि शेरा मागे राहिला. तो परत आणा, एवढीच माझी मागणी आहे. यंत्राला शंका आली तर त्याने विचारावं, माणसाने एका ओळीत कारण लिहावं, कुणी आणि कधी लिहिलं ते नोंदलं जावं. ज्याला खोटं लिहायचं आहे तोही मग दोनदा विचार करेल, कारण त्याच्या नावावर ते राहील. आणि वर बसलेल्या अधिकाऱ्याला शेरे वाचून कळेल की एकाच रकान्यावर शंभर शाळांनी शेरा लिहिला आहे, म्हणजे चूक शाळांची नसून रकान्याची आहे. आज त्याला हे कळण्याचा मार्गच नाही, कारण शंभर शाळांनी टिंब टाकून काम भागवलेलं असतं.

रकाने बदलावे लागतातच. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचे तीनच रकाने खिळे मारून बसवले आहेत, त्यांचं काय? ही मुलं पहिलीत येतील तेव्हा आईचं नाव कुठे लिहायचं हा प्रश्न शिक्षकांपुढे असेल. काल जे नियमबाह्य होतं ते आज नियम झालं. म्हणून नियम प्रोग्रामच्या पोटात न पुरता बाहेर, बदलता येतील असे ठेवावेत, हे भाच्याचं वाक्य मला पटलं.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की तक्ता अडला तर टिंब टाकून मोकळे होऊ नका. मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवा, नोंद कोणती होती आणि सूचना काय आली तेही लिहा. पालकांनी दाखल्याची पहिली प्रत हातात आली की घरी जाऊन नव्हे, तिथेच उभं राहून स्वतः वाचावी, किंवा मुलीकडून वाचून घ्यावी. तिला तिचं नाव वाचता येतं. आणि आपल्यातली जी मुलं आज पुण्या-बंगळुरूला प्रोग्रामर म्हणून काम करतात, त्यांना सांगणं आहे की तक्ता तयार झाल्यावर चाचणीसाठी नेहमीचं एखादं सोपं नाव टाइप करून थांबू नका. आपल्या नानीचं नाव टाइप करा. मग मुश्ताकचं करा, जुळ्या भावंडांचं करा, गैरहजर मुलाचे गुण भरा. ज्या तक्त्यात ही चार माणसं सुखाने बसतात, त्यात बाकी सगळे बसतील.